छातीचे ऐंशी काप

१

२०१३ साल, जानेवारीचा तिसरा सोमवार. थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर हात आपोआप मागं यावा. त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता छातीच्या इस्पितळातलं नवं एक्स-रे यंत्र सुरू झालं.

खोली जुनीच होती. तळमजल्यावरची, बिनखिडकीची, शिशाच्या जड दरवाजाची. तिथं चौतीस वर्षं एकच माणूस छातीचे फोटो काढत आला होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. बाकी झाडूवालीपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला फोटोमामा म्हणत. मामांचं शिक्षण सातवी. काम हातानं शिकलेलं. डॉक्टर यायचे, शिकायचे, बदलून जायचे. मामा तिथंच. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कामाची पद्धत ठरलेली. रोग्यानं शर्ट खुंटीला लावायचा. भिंतीवरच्या प्लेटला छाती टेकवून उभं राहायचं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. मामा शिशाच्या काचेमागून सांगत, श्वास घ्या, रोखा, सोडा. चौतीस वर्षांत हे तीन शब्द किती वेळा बोलले ते मोजायला बसलं असतं तर मोजता मोजताच ते रिटायर झाले असते.

नवं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा कुरकुर करणार. मामांनी कुरकुर केली नाही. चार दिवसांत सगळी बटणं शिकून घेतली. जुन्या फोटोत बरगड्या, काळीज, फुप्फुस सगळं एकावर एक यायचं आणि हाडामागं दडलेली गाठ हाडामागंच राहायची. या यंत्राचा हात रोग्याच्या पाठीमागून कमानीत फिरायचा आणि दहा सेकंदांत साठ फोटो घ्यायचा. कॉम्प्युटर त्यातून छातीचे पातळ काप करून दाखवायचा. पाव कापावा तसे, एकूण ऐंशी. पहिला काप प्लेटच्या बाजूचा. तिथून मागं मागं जात पाठ संपली की पुढचे काप काळे, म्हणजे नुसती हवा. वर एक बटण असं होतं की दाबलं की बरगड्या पुसल्या जात आणि मटाराएवढी गाठही उघडी पडे.

मामांना ते पटलं. एकच गोष्ट पटली नाही. यंत्र बोलायचं. कुठल्याशा बाईचा आवाज भरलेला होता. ‘श्वास घ्या. रोखून धरा. आता सोडा.’ मामांच्या तोंडचे तीन शब्द त्या बाईनं काढून घेतले होते.

२

बुधवारी एक सुतार आला. अंगानं काडी. त्याची पाठ बावन्नाव्या कापाला संपली. दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता. पण मामांना फिल्मच्या काळापासून चारही कोपरे पाहायची सवय. ते शेवटपर्यंत गेले आणि अठ्ठ्याहत्तराव्या कापावर थांबले.

तिथं काहीतरी होतं. धुरासारखं, फिकट. मामांनी बरगड्या पुसायचं बटण पुन्हा दाबलं. बरगड्या आल्या.

त्यांनी मोजल्या. ही त्यांची जुनी खोड. माणसानं छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस खाली उतरतं आणि मागच्या दहा बरगड्या दिसतात. त्यावरून श्वास पुरता घेतला की नाही ते कळतं. सुताराला खोकला होता, त्याच्या नऊसुद्धा धड दिसत नव्हत्या. या मागच्या छातीच्या दहा होत्या, आणि अकरावीही अर्धी.

कंपनीचा इंजिनिअर त्या दिवसांत इस्पितळातच होता. त्यानं पाहिलं आणि खांदे उडवले. म्हणाला, किरण कुठंतरी आपटून परत येतात, सुताराचंच प्रतिबिंब आहे, सेटिंग करून टाकतो. मामांनी विचारलं, प्रतिबिंब माणसापेक्षा जास्त श्वास कसा घेतं? इंजिनिअर हसला. म्हातारबुवा विनोदी आहेत, असं तो नंतर कॅन्टीनमध्ये सांगत होता.

सेटिंग झालं. गुरुवारी ती छाती पुन्हा होती. सत्त्याहत्तराव्या कापावर.

पुढं रोज होती. जाड्या दुकानदाराच्या मागं तीच, बारक्या शिक्षिकेच्या मागं तीच. तशीच भरलेली. डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडामागं एक मटाराएवढा डाग, तोही तसाच. फक्त कापाचा आकडा खाली यायचा. पंचाहत्तर. बहात्तर. एकाहत्तर. एखादा माणूस रांगेत पुढं सरकावा तसा.

मामांनी एकदा रिकाम्या प्लेटचा फोटो घेतला. ऐंशीच्या ऐंशी काप काळे. रिकाम्या प्लेटपाशी कोणी नव्हतं. कोणी उभं राहिलं की त्याच्यामागं यायचं.

दुसरी गोष्ट मामांनी कोणाला सांगितली नाही. बाई ‘आता सोडा’ म्हणायची आणि रोगी उभाच राहायचा. आधी दोन सेकंद, मग पाच. एक बस ड्रायव्हर दहा सेकंद तसाच उभा होता. शर्ट घालताना ओशाळून म्हणाला, मामा, ऐकू आलं होतं, पण सोडवेना. मामांनी मनाची समजूत घातली. थंडी आहे. लोक घाबरलेले असतात. आवाज नवा आहे. तिन्ही कारणं बरोबर होती. तरी चौथ्या दिवसापासून फोटो होईपर्यंत त्यांचा एक हात दरवाजाच्या कडीवर असायचा.

३

त्याच्याही पुढच्या आठवड्यात ताई आली. मामांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. आई गेली तेव्हा मामा पाच वर्षांचे होते. तेव्हापासून ताईनं शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवून त्यांना वाढवलं. जगात त्यांना बारक्या म्हणणारी तेवढी एकच उरली होती.

तिला दोन महिने खोकला होता आणि तिनं तो दोन महिने लपवला होता. मामा रागावले, तर ती म्हणाली की तुझ्या खोलीत आलं की माणूस आजारी निघतो, म्हणून आले नाही.

मामांनी तिला स्वतः उभं केलं. यंत्रातली बाई बोलली, हात फिरला. ‘आता सोडा’ झालं आणि ताईनं श्वास सोडला नाही. मामांनी बारापर्यंत मोजलं. तेराव्याला ती खोकली आणि श्वास सुटला. बाहेर आल्यावर ओठ निळसर होते. म्हणाली, मागं कोणी उभं असेल तर त्याला जरा लांब व्हायला सांग, श्वास घ्यायला जागा नाही.

मामा सरळ स्क्रीनपाशी गेले.

बाविसाव्या कापावर, डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडामागं मटाराएवढा डाग. पाठ सेहेचाळिसाव्या कापाला संपली. मग काळं. मग साठाव्या कापावर ती दुसरी छाती, आणि तिच्यातही त्याच जागी तसाच डाग.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण, हुशार, कामाला चोख. त्यांनी दोन्ही काप बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “मामा, हा डाग यंत्राचा आहे. दहा दिवस झाले, प्रत्येकाच्या फोटोत आहे.”

“प्रत्येकाच्या पाठीमागं आहे बाई. ताईच्या छातीत आहे.”

“यंत्र एकच डाग दोनदा छापतंय. तुमच्या बहिणीला काही नाही असं मी म्हणत नाही. पण या फोटोवर मी सही कशी करू? उद्या यंत्राच्या चुकीपायी एकाहत्तर वर्षांच्या बाईची छाती उघडायची?”

त्यांचं चूक नव्हतं, हे मामांनाही कळत होतं. त्यांची सही झाली तरच नाव तातडीच्या यादीत जाणार. नाहीतर शहराबाहेरच्या मोठ्या स्कॅनची रांग, तीन महिन्यांची. जुनं यंत्र भंगारात गेलेलं. आणि हे नवं कंपनी शुक्रवारी दुरुस्तीसाठी परत नेणार होती.

मटाराचं तीन महिन्यांत काय होतं ते मामांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

४

दुपारी जेवायच्या सुट्टीत मामा एकटेच त्या साठाव्या कापासमोर बसले. डबा उघडला नाही.

आतापर्यंत त्यांनी त्या छातीचा डाग पाहिला होता, श्वास मोजला होता. छाती कोणाची हे पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे पाहायचं टाळलं होतं. माणसं चेहऱ्यानं ओळखू येतात तशी मामांना छातीवरून ओळखू यायची. त्यांनी हाडं आणली. उजवीकडची चौथी बरगडी पुढं जाऊन दुभंगली होती. गलोलीच्या लाकडासारखी.

ही बरगडी त्यांनी एकदा पाहिली होती. १९८१ च्या मे महिन्यात.

तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. अनुभव दोन वर्षांचा आणि ताठा वीस वर्षांचा. खाणीत दगड फोडणारा एक माणूस आला होता. खोकल्यानं बेजार. पहिल्या फोटोच्या वेळी त्यानं श्वास मध्येच सोडला. दुसऱ्यालाही तेच. फिल्म मोजून मिळायच्या. मामा काचेमागून बाहेर आले, त्याच्या उघड्या खांद्यावर हात दाबला आणि म्हणाले, “आता मी स्वतः येऊन इथं असा हात ठेवीन आणि सोडा म्हणेन. तोवर सोडायचा नाही. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही. कळलं का रे?”

तो बोलला नाही. त्यानं छाती भरून घेतली होती. नुसती मान हलवली.

मामांनी बटण दाबलं आणि वीज गेली. सगळ्या इस्पितळाची. मामा जनरेटरकडं गेले. तिथं चार माणसं जमली होती. गप्पा झाल्या, चहा झाला. चाळीस मिनिटांनी दिवे आले तेव्हा मामा परतले. खोली रिकामी होती. शर्ट खुंटीवर होता.

मामांनी वहीत लिहिलं, रोगी न सांगता निघून गेला. भर दुपारी शर्ट टाकून माणूस कुठं जातो हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आणखी एक गोष्ट केली. त्या पहिल्या बिघडलेल्या फिल्मवर, हललेल्या चित्रातही दोन गोष्टी दिसत होत्या. दुभंगलेली बरगडी, आणि डाव्या हाडामागं एक डाग. डॉक्टरांना दाखवली असती तर दोन फिल्म का बिघडवल्या ते सांगावं लागलं असतं. मामांनी फिल्म कचऱ्यात टाकली.

तो माणूस पुन्हा आला नाही. आला नाही म्हणजे बरा असेल, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. बत्तीस वर्षं ते तसंच ठरलेलं होतं.

मामांनी स्क्रीन बंद केली. अंगावर काटा होता, पण त्याहून मोठा राग होता. स्वतःचा आला होता आणि त्याचाही आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देणं माझं आहे. वसूल करायचं तर माझ्याकडं ये. बस ड्रायव्हरच्या पाठीला का चिकटतोस? माझ्या बहिणीच्या श्वासावर का बसतोस?

५

दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले. खुर्ची घेतली नाही.

त्यांनी सांगितलं की ताईचा फोटो पुन्हा घ्यायचा. आज, जेवायच्या सुट्टीत. मागची छाती निघून गेली आणि बाविसाव्या कापावरचा डाग राहिला तर सही करायची. दोन्ही डाग गेले तर मी माझे शब्द परत घेईन. इंजिनिअर तिथंच बसला होता. तो म्हणाला की जे आमच्या सॉफ्टवेअरला दोन आठवड्यांत जमलं नाही ते मामा दुपारच्या सुट्टीत कसं करणार, फुंकर मारून?

“तुमचं यंत्र चांगलं आहे,” मामा म्हणाले. “ते खोटं बोलत नाही. चूक माझी आहे, मी निस्तरतो.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. चौतीस वर्षांत मामांनी चूक कबूल केल्याचं त्यांनी कोणाकडून ऐकलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, किती वेळ लागेल? मामा म्हणाले, एक श्वास.

ताईला समजावणं अवघड गेलं. मामांनी तिला सगळं सांगितलं. फिल्म कचऱ्यात टाकल्याचंसुद्धा सांगितलं. ती ऐकत होती. बोटावर बोट घासत होती, शिवताना दोरा ओवायच्या आधी घासायची तशी. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या शब्दाखातर बत्तीस वर्षं तो माणूस तसाच उभा आहे. आणि तू जेवत होतास, झोपत होतास.”

मामांनी मान खाली घातली नाही.

मामांनी तिला विचारलं, भीती वाटते का? वाटत असेल तर मी स्वतः प्लेटपाशी उभा राहतो. ती म्हणाली, “तू उभा राहिलास तर खांद्यावर हात कोण ठेवणार? चल बारक्या. मला संध्याकाळी तीन गणवेश द्यायचेत.”

६

दुपारी दीड. कॉरिडॉर रिकामा. इंजिनिअर जेवायला गेलेला. काचेमागं डॉक्टरीणबाई आणि मामा. काचेपलीकडं ताई, इस्पितळाच्या ढगळ झग्यात, छाती प्लेटला टेकवून. पाठ इकडं. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा आणि मानेवर सुटलेल्या चार बटा.

मामांनी दाराला मुद्दामच कडी लावली नव्हती.

‘श्वास घ्या,’ यंत्रातली बाई म्हणाली. ताईचे खांदे उचलले गेले. ‘रोखून धरा.’ हात वरून खाली कमानीत फिरला. दहा सेकंद. हात थांबला. ‘आता सोडा.’

ताईचे खांदे खाली आले नाहीत.

स्क्रीनवर काप भरत गेले. बावीस, डाग. पंचेचाळीस. सेहेचाळीस, पाठ संपली. सत्तेचाळिसावा काप आला आणि डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या. काळं नव्हतंच. पाठीला लागून दुसरी छाती होती. मध्ये केसाइतकीही जागा नव्हती. दहा बरगड्या आणि अकरावी अर्धी.

“मामा, त्या श्वास सोडत नाहीयेत.”

“दिसतंय.”

त्या दरवाजाकडं धावल्या. मामांनी हात आडवा घातला.

“तुमचं ऐकणार नाही तो,” ते म्हणाले आणि आत गेले.

खोलीत फक्त यंत्राच्या पंख्याचा आवाज होता. मामा रोजच्या चालीनं चालले. घाई नाही, पाऊल चोरणं नाही. आपल्याच खोलीत माणूस चालतो तसे. ताईची मान लालसर निळी झाली होती. मनात आकडे चालू होते. सतरा. अठरा.

प्लेटपासून दोन पावलांवर मामा थांबले. समोर ताईची पाठ होती, दुसरं काही नव्हतं. दिव्याचा स्वच्छ उजेड होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि तरी पुढचं पाऊल पडेना. भरलेल्या खोलीत दार ढकलावं तसं. मामांना वाटलं, मागं फिरावं, ताईला ओढून काढावं, तिला घरी न्यावं, तीन महिने थांबावं. हे सगळं त्यांना एका क्षणात वाटलं आणि त्या वाटण्याचीच त्यांना चीड आली.

त्यांनी उजवा हात उचलला आणि पुढं केला. ताईच्या खांद्याच्या वीतभर अलीकडं हात थांबला.

हाताखाली खांदा होता. उघडा. हाडकुळा. घामानं ओला, आणि थंडीत बाहेर राहिलेल्या दगडासारखा गार. स्नायू ताठ होता. सांगितलेलं काम पुरं करणाऱ्या माणसाचा असतो तसा. तो जरासा, अगदी जरासा, हाताच्या बाजूला वळला.

मामांनी हात काढला नाही. उलट नीट दाबला, तेव्हा दाबला होता तसा.

“मी आहे,” ते म्हणाले. आवाज चढा होता. “स्वतः आलोय. चूक माझी होती, तुमची नाही. सोडा.”

ताईच्या मानेवरच्या पांढऱ्या बटा हलल्या.

त्या पुढं उडाल्या, आणि खाली पडेचनात. दाराला वारा नव्हता, पंखा यंत्राच्या पोटात होता. बटा तशाच पुढं, प्लेटकडं वाहत राहिल्या. अंबाड्याची एक पिन सुटून फरशीवर पडली. ताईचा झगा पाठीला चिकटला. प्लेटच्या काळ्या काचेवर, ताईच्या हनुवटीच्या वर, वाफ धरली आणि पसरत पसरत कडांपर्यंत गेली. मामा मोजत होते. वीस. चाळीस. साठ. कुठल्याच छातीत इतका श्वास मावत नाही. हाताखालचा खांदा हळूहळू खाली येत होता. मग हलका झाला. मग मामांचा हात ताईच्या खांद्यावर पडला.

ताईनं श्वास सोडला. खोकली, प्लेटला धरून उभी राहिली, मग मान चोळत म्हणाली, “बारक्या, मान गारठली माझी.”

काचेमागं डॉक्टरीणबाई एका हातानं दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

मामांनी प्लेट पुसली. यंत्राच्या बाईचा आवाज बंद केला. ताईला पुन्हा उभं केलं, काचेमागं गेले आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाले, श्वास घ्या, रोखा. दहा सेकंद झाले. सोडा. ताईनं तेव्हाच सोडला.

बाविसाव्या कापावर, डाव्या बाजूला, मटाराएवढी गाठ होती. कडा स्वच्छ. सेहेचाळिसाव्याला पाठ संपली. सत्तेचाळीस काळा. साठ काळा. डॉक्टरीणबाई एक एक काप करत ऐंशीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. नुसती हवा होती.

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.